त्रयोदशी ते द्वितीया: गुहागरच्या किनाऱ्यावर गरवताना

त्रयोदशी, बडोदा

बडोद्याहून समुद्र तसा जवळ आहे. कंबोईचं स्तंभेश्वर महादेवाचं देऊळ भरतीत पाण्याखाली जाताना पाहायला आपल्याकडची मंडळी सकाळी निघतात आणि संध्याकाळी दांडिया बाजारात परत येतात. पण तो खंभातच्या आखाताचा समुद्र. पलीकडे भावनगरला उधाणाच्या दिवसांत पाणी दहा मीटरांहून अधिक चढतं-उतरतं, आणि ओहोटी लागली की नजर पोचेल तिथवर चिखल. तिथं गळ टाकायचा तर उभं कुठं राहायचं? गावातून विश्वामित्री वाहते, तर तिच्यात मगरी. त्यामुळे आम्हा गळवाल्यांचं शिक्षण झालं ते महीच्या काठावर: संथ पाणी, वर तरंगणारा बुचाचा तुकडा, आणि तो बुडायची वाट पाहणं.

समुद्राचं पाणी असं एका जागी थांबत नाही. ते दिवसातून दोनदा येतं, दोनदा जातं, आणि मासा त्याच्याबरोबर पोट भरायला काठाशी येतो नि परत जातो. म्हणून गुहागरचा बेत ठरला तेव्हा मावसभावानं रजेचा अर्ज लिहायच्या आधी भिंतीवरचं कालनिर्णय काढून घेतलं. कोकणात जुना हिशोब आहे: तिथीचा पाऊणपट केला की पूर्ण भरतीची वेळ निघते. अष्टमीला सहा, चतुर्दशीला साडेदहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. अर्धा तास इकडेतिकडे होतो, पण बेत आखायला एवढं पुरतं. त्रिपुरी पौर्णिमेच्या आसपास गेलं तर पहाटे पाणी पार खाली असतं आणि उजाडल्यापासून दुपारपर्यंत भरतं. किनाऱ्यावर गरवणाऱ्याला, म्हणजे गळानं मासे धरणाऱ्याला, याहून चांगली सकाळ मिळायची नाही. वर उधाणाची भरती, म्हणजे पाण्याला ओढही भरपूर. पुतणीच्या शाळेला दिवाळीच्या सुट्टीचे शेवटचे दिवस उरले होते, तीही निघाली.

सामान थोडकंच ठेवलं. बारा फुटी दोन काठ्या, दोन हातगळ, म्हणजे फळकुटाला गुंडाळलेला नुसता तंगूस, गळाचा नायलॉनचा दोरा. पुळणीवर, म्हणजे वाळूच्या किनाऱ्यावर, वापरायला ०.३० मिलिमीटरचा, खडपावर, म्हणजे समुद्रकाठच्या कातळावर, ०.६० चा. मुडदुशीसाठी आठ-दहा नंबरचे बारीक गळ, खडपातल्या माशांसाठी बोटाच्या पेराएवढे मोठे, जाड. पक्कड, डोक्याला लावायची बॅटरी, बर्फाची पेटी, आणि खाली खोल खाचा असलेले बूट. पुतणीनं पोलो ग्राउंडवर सकाळी लोक फिरायला यायच्या आधी गळाशिवाय नुसतं वजन बांधून फेकायचा सराव केला होता. तिचा फेक आता माझ्याहून सरळ जातो.

रात्रीची गाडी. भरूचला नर्मदेचा पूल लागला तेव्हा आम्ही जागेच होतो. पावसाळ्यात समुद्रातून अंडी घालायला याच नदीत पाला हा मासा चढतो, आणि बडोद्याच्या मासेखाऊ मराठी घरांत त्याची वाट पाहिली जायची. आमची आजी पाल्याचे काटे एकही न मोडता काढायची. तो सगळा विषय पालघर येईपर्यंत पुरला. वसई रोडनंतर गाडी कोकणाकडे वळली आणि आम्ही झोपलो.

चतुर्दशी, गुहागर

चिपळूणला उतरून एस.टी.नं शृंगारतळीमार्गे गुहागर. माडांच्या वाडीत उतरायची सोय होती. घरमालकांचे वडील, सगळा गाव त्यांना आबा म्हणतो, आयुष्यभर गरवत आलेले. त्यांनी आमच्या काठ्या उलटसुलट करून पाहिल्या आणि म्हणाले, "चांगल्या हायत. पन आज नको. आज नुसतं चालायचं."

साडेचारला पाणी पूर्ण उतरलेलं असताना ते आम्हाला पुळणीवर घेऊन गेले. गुहागरची पुळण लांबच लांब आहे, मागं सुरूचं बन, आणि पहिल्या नजरेला सगळी सारखीच सपाट दिसते. आबांच्या बरोबर चालताना ती सपाट उरली नाही. एका ठिकाणी काठाला समांतर असा चर पडलेला, ओहोटीतही गुडघाभर पाणी धरून बसलेला. त्याच्या समुद्राकडच्या अंगाला वाळूचा बांध, आणि बांध एका जागी फुटलेला. "भरतीचं पानी इथनं आत येनार," त्यांनी फुटलेली जागा दाखवली. "लाट बांधावर फुटते, वाळू उकरते, त्यातलं खानं या चरात पडतं. मासा येतो तो खायला. तुम्ही लांब फेकता आनि मासा तुमच्या पायाशी जेवून जातो."

भरती आल्यावर हे काहीच दिसत नाही, सगळीकडे फेसच फेस. म्हणून जागा ओहोटीला पाहून ठेवायची आणि गळ भरतीला टाकायचा. या प्रवासातून मला सांगायचं आहे ते एवढंच. बाकीचं बरंचसं याच्यातूनच आलं. पुतणीनं किनाऱ्यावरची एक वाकडी सुरू आणि तिच्या मागचं कौलारू छप्पर अशा दोन खुणा एका रेषेत धरल्या. उद्या पाणी भरलेलं असताना चर सापडवायला त्या लागणार होत्या. वाळूवर बारीक भोकं आणि शेजारी वळवळीच्या आकाराच्या वाळूच्या ढिगुल्या दिसल्या, तिथं खणून लांब किडे काढले. मुडदुशीला याच्यासारखं दुसरं आमिष नाही.

अंधार पडल्यावर, पाणी चढू लागल्यावर, आबांनी तासभर हातगळ टाकायला परवानगी दिली. तारलीचा तुकडा लावला. तारली तेलकट, तिचा वास पाण्यात लांब जातो. रात्रीच्या पाण्यात बहुतेक शिंगाळेच लागतात, तसेच लागले. शिंगाळ्याच्या पाठीवर एक आणि दोन्ही कल्ल्यांमागे एकेक असे तीन काटे ताठ उभे राहतात, करवतीसारखे दातेरी आणि विषारी. हातानं धरायचा नाही. वाळूवर बुटानं दाबून, पक्कडीनं गळ सोडवायचा. काटा लागलाच तर जखम सोसेल तितक्या गरम पाण्यात बराच वेळ बुडवून ठेवायची. उष्णतेनं ते विष निकामी होतं आणि कळ उतरते. त्यानंतर डॉक्टरकडे जायचं, कारण काट्याचा तुकडा आत राहू शकतो. पाकट या चपट्या माशाच्या शेपटीच्या काट्यालाही हाच उपाय.

त्यातला एक शिंगाळा आबांनी लगेच परत सोडायला लावला. त्याच्या तोंडात गोट्यांएवढी अंडी होती. या जातीतला नर अंडी तोंडात धरून ठेवतो, पिलं बाहेर पडेपर्यंत खात नाही. तो गळाला लागला होता ओठाबाहेर, चुकून अडकून. पुतणी बराच वेळ पाण्याच्या काठाशी बॅटरी धरून उभी होती.

पौर्णिमा, पुळण

पहाटे साडेपाचला पाणी तळाला. आम्ही सहाला चराच्या काठावर होतो, अंधारातच किडे खणले, आणि फटफटताना पहिली लाट फुटक्या बांधातून आत आली तेव्हा गळ पाण्यात होते.

मुडदुशी हा पुळणीचा मासा. अंगानं निमुळती, चांदीच्या रंगाची, तोंड अगदी लहान. घाबरली की वाळूत शिरून बसते. वाळूतले किडे, बारीक कोळंब्या खाते, आणि त्यासाठी इतक्या उथळ पाण्यात येते की घोट्याएवढ्या पाण्यात आपण उभे असलो तर आपल्या मागं असते. म्हणून आबांनी कुणालाही पाण्यात शिरू दिलं नाही. ओल्या वाळूवर, काठापासून दोन पावलं मागं उभं राहायचं.

जोडणीही साधी: तंगुसाच्या टोकाला छोटं शिसं, त्याच्या वर वीतभर अंतरानं आडव्या फांद्या काढून दोन बारीक गळ. शिसं इतकंच जड की लाटेबरोबर वाळूवरून हळूहळू सरकेल. एका जागी रुतलेलं शिसं इथं उपयोगाचं नाही, कारण आमिष सरकलं, मागं बारीक वाळू उडाली, की मुडदुशी त्याच्यामागे येते. ती ओढत नाही. टक्-टक् अशी दोनदा पटकन टोचते, आणि जोरात हिसका दिला तर तिच्या नाजूक ओठातून गळ सुटतो. काठीचं टोक हळूच मागं न्यायचं, बस.

पहिली पुतणीला लागली. वीतभर, उगवत्या उजेडात काचेसारखी. मग दीड-दोन तास सतत काही ना काही चाललं होतं: मुडदुशा, एकदोन ढोमे, हाताच्या तळव्याएवढी एक लेप. मध्येच चराच्या बाहेर पाण्यावर टोळ उडाले, तेव्हा मावसभावानं शिसं काढून नुसता गळ वरच्या पाण्यात सोडला आणि एक टोळ काढला. टोळाचे काटे हिरवे असतात, शिजल्यावरही हिरवेच राहतात. पहिल्यांदा पाहणाऱ्याला मासा बिघडला असं वाटतं. बिघडलेला नसतो, तो रंग त्याच्या हाडांचाच आहे, आणि चव फार चांगली. बोयींचा थवा मात्र पायाशी फिरत असून एकही गळाला लागली नाही. ती शेवाळ आणि चिखलातलं बारीकसारीक खाते, मांसाच्या तुकड्याकडे बघत नाही. कुणाला हौस असेल तर कणकेची मऊ गोळी लावून बघावी. गावातले लोक तिला पागानंच, म्हणजे फेकून टाकायच्या जाळ्यानंच, धरतात.

दहाच्या सुमारास चर पाण्यानं पुरा भरला, बांधावर लाट फुटायची थांबली, आणि मुडदुशी जणू नव्हतीच अशी गेली. खूण धरलेली ती वाकडी सुरू नसती तर आम्ही चर सोडून कुठं तरी भलतीकडेच फेकत बसलो असतो.

त्रिपुरी पौर्णिमा असल्यानं त्या दिवशी घरात मासे शिजणार नव्हते. मुडदुशा साफ करून हळद-मीठ लावून बर्फात ठेवल्या. संध्याकाळी व्याडेश्वराच्या देवळात गेलो. पणत्या लावल्या, आणि चांदण्यात पुळणीवरून परतताना आबा पाण्याकडे बघून म्हणाले, उद्या खडपावर.

प्रतिपदा, असगोलीकडचं खडप आणि हेदवी

गुहागरच्या दक्षिणेला पुळण संपते आणि असगोलीच्या बाजूला काळ्या कातळाचं खडप सुरू होतं. पहाटे पाणी तळाला असताना आम्ही बॅटऱ्या लावून पोचलो, तेव्हा कालवं, म्हणजे कातळाला चिकटलेले शिंपले, काढणाऱ्या बायका आमच्याही आधी आलेल्या होत्या. त्यांच्याकडून थोडी कालवं आमिषासाठी विकत घेतली. खडपावर जे वाढतं तेच तिथला मासा खातो, हा साधा हिशोब. शिवाय बांगड्याच्या फिती आणि लहान खेकडे.

इथंही आधी पाहणी. उजेड झाला तसं खडपाचं पोट दिसू लागलं: कातळात शिरलेल्या घळी, आतून पोखरलेल्या कपारी, एका घळीच्या तोंडाशी मोठा धोंडा. गोब्रा अशा कपारीत तोंड बाहेर करून बसलेला असतो, जेवण दारात आलं की झडप घालून परत आत. तांबोशी फिरती असते, भरतीबरोबर घळीत येते. लहानपणी ती खाडीत, कांदळवनाच्या मुळांत राहते आणि मोठी झाली की बाहेरच्या खडकांकडे जाते. जिथं खाडी आणि खडप जवळजवळ आहेत तिथं ती मिळते, ते यामुळे.

त्यानंतर आबांनी आम्हाला कोरड्या कातळावर बसवलं आणि पंधरा-वीस मिनिटं नुसता समुद्र बघायला लावला. लाटा सारख्या येत नाहीत. बराच वेळ लहान येतात, मग दोन-तीन मोठ्या पाठोपाठ. ती मोठी लाट कुठवर येते ते बघायचं. कातळ ओला आणि हिरवा दिसतो तिथवर समुद्राची हद्द, तिथं उभं राहायचं नाही. समुद्राकडे पाठ करायची नाही, खाली बसून गळ बांधतानाही नाही. एकट्यानं यायचं नाही. काठी पाण्यात पडली तर पडली. आणि परतायची वाट आधी ठरवायची, कारण पहाटे ज्या खळग्यातून आपण पाय न भिजवता आलो तो भरतीत कमरेएवढा भरतो आणि आपण पुढच्या कातळावर अडकतो. आबांनी खळग्यातल्या एका दगडावर बोट ठेवलं: हा बुडाला की उठायचं, मासा लागत असला तरी उठायचं. दरवर्षी कोकणच्या खडपांवरून माणसं लाटेनं ओढली जातात. बाहेरगावाहून येणाऱ्यांनी तरी हे सगळं अक्षरशः पाळावं असं मला कळकळीनं वाटतं.

खडपात शिसं अडकतं, ते गृहीतच धरायचं. त्यासाठी शिसं मुख्य तंगुसाला न बांधता बारीक, कच्च्या दोऱ्यानं बांधतात. अडकलं की तो दोरा तुटतो, गळ आणि मासा हाताशी राहतात. शिशाऐवजी आबा गॅरेजमधले जुने स्पार्क प्लग वापरतात. स्वस्त पडतात, आणि शिशाचं विष पाण्यात जात नाही.

सातच्या सुमारास घळीत पाणी खेळू लागलं आणि आम्ही सुरुवात केली. पहिले आले केंड. हाताळलं की पोट फुगवतात, आणि चोचीसारख्या दातांनी तंगूस कात्रीनं कापल्यागत कापतात. केंड कितीही गुबगुबीत दिसला तरी खायचा नाही. त्याच्या अंगात जीवघेणं विष असतं आणि ते शिजवून जात नाही. जागा चार पावलं बदलली, आमिष मोठं केलं, म्हणजे अख्खा खेकडा, तेव्हा केंडांचा त्रास कमी झाला.

मग मावसभावाची काठी एकदम वाकली. खडपात मासा लागला की पहिले दोन-तीन क्षण सगळं ठरवतात. तंगूस सैल दिला की तो कपारीत जातो, कल्ले फुगवून अडकून बसतो, आणि पुढं तंगूस कातळावर घासून तुटतो. म्हणून जाड तंगूस आणि घट्ट रीळ. मावसभाव काठी उचलून दोन पावलं मागं सरला, मासा धोंड्याच्या या बाजूला राहिला. तांबोशी! लाल-तपकिरी, उन्हात तांब्यासारखी झळकणारी, सव्वा किलोच्या आसपास. आबांनी लाटेबरोबर ती वर घेतली, लाट परतत असताना ओढली नाही. तंगूस तुटतो तो तेव्हा.

मला एक गोब्रा लागला, हातभरही नाही. गोब्रे आधी सगळे मादी असतात, आणि मोठे होऊन त्यांतले काही पुढं नर होतात. लहान माशांवरच हात मारत राहिलं तर मोठा होऊन नर व्हायला कुणी उरत नाही. हात ओले करून, पक्कडीनं गळ सोडवून परत सोडला. २०२३ साली महाराष्ट्र सरकारनं ५४ जातींच्या माशांसाठी किमान लांबी ठरवून दिली, ती होड्यांवरच्या लहान पिल्लांच्या मासेमारीला आळा बसावा म्हणून. किनाऱ्यावरच्या हौशी माणसानं स्वतःचं माप त्याहून कडक ठेवावं. आमच्या घराला दोन वेळा पुरेल एवढं, त्याच्यापुढं सगळं पाण्यात.

खूण केलेला दगड साडेनऊला बुडाला. घळीत अजून मासा होता, पुतणीच्या गळाला नुकताच झटका बसला होता. आम्ही उठलो.

भरती बाराला पूर्ण होणार होती, म्हणून थेट हेदवीला गेलो. तिथं कातळात बामणघळ आहे, समुद्राकडे तोंड असलेली अरुंद उभी भेग. भरतीची लाट आत शिरते, पुढं जागा नसल्यानं दाबली जाते आणि घरापेक्षा उंच उसळते. उधाणाच्या भरतीत तिचा आवाज अंगात जाणवतो. सकाळी आम्ही ज्या घळीत गळ टाकत होतो ती याच जातीची, फक्त लहान. पुतणी माझ्या दंडाला धरून उभी होती. आबांनी सकाळी वीस मिनिटं का बसवलं होतं ते तिला वेगळं सांगावं लागलं नाही.

दुपारी जेवायला रव्यात तळलेल्या मुडदुशा आणि तांबोशीचं तिरफळ घातलेलं कालवण. मुडदुशीला काटे कमी, मांस पांढरं आणि गोड. पोरांना मासे खायला शिकवायचे तर इथून सुरुवात करावी.

द्वितीया, दाभोळची खाडी आणि परत

शेवटच्या सकाळी धोपाव्याला, वाशिष्ठीच्या मुखाशी. समोर दाभोळ, मध्ये फेरीबोट. खाडीत भरतीचं पाणी नदीच्या पाण्याला मागं ढकलतं तेव्हा दोन्हींच्या मध्ये रेघ दिसते, आणि जिताडा त्या रेघेच्या काठानं शिकार करतो. मालवणकडे याला चोणक म्हणतात. याची गोष्ट गोब्र्याच्या उलट आहे: जन्मतः नर, मोठा झाला की मादी. म्हणजे इथं मोठा मासा सोडण्याला अर्थ आहे, तीच हजारो-लाखो अंडी घालणारी. आबांनी जिवंत कोळंबी गळाला लावली, पाठीतून, म्हणजे ती पोहत राहते. जिताडा एकदा उसळून दिसला, लागला नाही. दोन लहान तांबोश्या मिळाल्या, त्या कांदळवनाकडच्या पाण्यात परत गेल्या.

संध्याकाळी चिपळूण स्टेशनवर गाडीची वाट बघताना मावसभावानं पुन्हा कालनिर्णय उघडलं. माघी अमावास्येला पाणी असंच पहाटे उतरलेलं असेल आणि अंधारी रात्र असेल, तेव्हा रावस पुळणीला येतो असं आबांनी सांगितलं आहे. पुतणीची परीक्षा त्यानंतर आहे, असं ती म्हणते. तिच्या आईला विचारायचं काम माझ्याकडे आलं आहे.